फाटकावरची सळई

१२ सप्टेंबर २००७, बुधवार. अकोट

एकदाची पोचले. अमरावतीपासून मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन बसले होते, टपावर ठेवू दिला नाही. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, लेकराचं अर्धं तिकीट काढा." सगळी बस हसली. हसू दे.

ही वही आईनं दिली. म्हणाली, परगावी राहशील, बोलायला कोणी नसेल, तर लिहीत जा. मी रोज लिहिणाऱ्यांतली नाही. लिहिण्यासारखं घडेल तेव्हा लिहीन.

काम असं: पूर्णामाय शेतकरी सहकारी जिनिंगमध्ये यंदापासून कापसाचा ओलावा यंत्रानं मोजायचा. यंत्रं दोन, हुबेहूब सारखी. प्रत्येकाला एक लांब सळई. एक सळई फाटकावर, येणाऱ्या गाडीच्या कापसात खुपसायला. दुसरी गोदामात, गंजीच्या पोटात कायमची रोवलेली, कारण ओला कापूस गंजीत दाबला गेला की आतून तापतो, पिवळा पडतो, कधी पेटतोसुद्धा. दोन्ही यंत्रांच्या वायरी ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरला. आकडा आठच्या आत म्हणजे कोरडा, बारापर्यंत चालतो, त्यावर गेला की गाडी बाजूला आणि कापूस दोन दिवस उन्हात.

कॉम्प्युटर चालवायला त्यावर लिनक्स टाकणार. अध्यक्ष खुशालरावकाकांना ते फुकट आहे एवढंच आवडलं. मला ते माझं आहे म्हणून आवडतं. त्याच्या पोटात हात घालता येतो. क्लासमध्ये तीन वर्षं पोरांना तेच ते शिकवून कंटाळले होते, हे काम नीट झालं तर बार्शीटाकळीचं केंद्रही मलाच देणार आहेत.

इथला ग्रेडर, म्हणजे कापूस पारखणारा, नासिरचाचा. एकतीस वर्षं फाटकावर आहेत. गाडीत कोपरापर्यंत हात घालतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. मला वाटलं होतं, हेच माझ्या आड येतील. उलट काका म्हणाले, सभेत यंत्राच्या बाजूनं पहिला हात यांचाच वर झाला. मी चाचांना विचारलं, असं का?

"माह्या मागं हा हात कोनाले देऊ मी? तुही मशीन राहीन त कापूस त वाचन."

२४ सप्टेंबर, सोमवार

डोकं उठलं आहे. लिनक्सवर यंत्र जोडलं की ते त्याला नाव देतं. आधी दिसेल त्याला शून्य नंबर, नंतर दिसेल त्याला एक. इथं दिवसातून तीनदा लाइन जाते. लाइन आली की कॉम्प्युटर नव्यानं उठतो आणि दोन्ही यंत्रं पुन्हा रांगेत उभी राहतात. कधी फाटक पुढे, कधी गोदाम पुढे. सकाळी शून्य म्हणजे फाटक होतं, दुपारी शून्य म्हणजे गोदाम. म्हणजे गाडीचा आकडा गंजीला आणि गंजीचा गाडीला.

बरं झालं आताच कळलं. हंगामात कळलं असतं तर?

२६ सप्टेंबर, बुधवार

जमलं! लिनक्समध्ये यूडेव्ह म्हणून एक कारभारी असतो. नवं यंत्र जोडलं की तो आधी माझी नियमांची फाइल वाचतो आणि मी सांगितलेलं नाव देतो. मी दोनच नियम लिहिले. एकाचं नाव फाटक, दुसऱ्याचं गोदाम. आठ वेळा मेन स्विच पाडला, आठही वेळा नावं जागच्या जागी. काकांना बोलावून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी पोहे मागवले.

एक खोट आहे, ती इथं लिहून ठेवते. नियम लिहायला प्रत्येक वायरचा स्वतःचा नंबर लागतो, आणि काकांनी अकोल्याहून आणलेल्या वायरी स्वस्तातल्या. दोघींच्या पोटात नंबरच नाही. जुळ्या बहिणी, ओळखायच्या कशा? म्हणून मी नाव वायरला न देता कॉम्प्युटरच्या भोकाला दिलं. डाव्या भोकात जे असेल ते फाटक, उजव्यात असेल ते गोदाम. नंबरवाल्या वायरी नागपूरला मिळतात, पण महिना तरी लागेल आणि दसऱ्याला मुहूर्त आहे.

तोवर वायरीला आणि भोकाला नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. डावीकडे लाल. नेलपॉलिश आणणे.

१४ ऑक्टोबर, रविवार

ईद. नासिरचाचांकडे बोलावणं होतं. बिल्कीसचाचींनी शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवायला लावल्या आणि तिसरी झाकून सोबत दिली. वर म्हणतात, "तुही माय म्हनन, पोरीले उपाशी ठेवलं."

चाचांना साखर आहे. त्यांनी चोरून एक चमचा खाल्ला, चाचींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात म्हणाले, पण उजवा अजून शाबूत. खेळ म्हणून मी एका शेतातून आणलेली चार बोंडं रुमालाखाली ठेवली. एक मी मुद्दाम दवात भिजवलेलं. चाचांनी हात घातला आणि लगेच बाहेर काढून माझ्याकडे बोट केलं. "चोट्टी!"

लहान मुलासारखे हसत होते.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

चाचणी. पाच गाड्या. आधी चाचा बोलायचे, मग मी सळईचा आकडा वाचायचे. अकरा, यंत्र अकरा पूर्णांक दोन. नऊ, यंत्र नऊ. साडेतेरा, यंत्र तेरा पूर्णांक सहा. पाचव्या गाडीला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कोणासाठी ते मला कळलं नाही, मी मात्र स्वतःसाठी धरल्या.

नेलपॉलिश राहिलंच.

२० ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

आज सगळी यंत्रं झाडूनपुसून पूजेला. सरकी काढायचे रेचे, प्रेस, काटा, पाने, हातोड्या. इथं रीत अशी की यंत्र आधी मोकळं करायचं, पट्टे काढायचे, वायरी काढायच्या, आणि पूजा होईस्तोवर त्याला कोणी कामाला लावायचं नाही. वर्षातून एक दिवस त्यालाही सुट्टी.

झाडलोट करणाऱ्या दुर्गाबाईंनी माझा कॉम्प्युटरही मोकळा केला. वायरी ओल्या फडक्यानं पुसून झेंडूच्या ढिगाशेजारी ठेवल्या. माझा जीव वरखाली, पण मॉनिटरवर हळदीकुंकू किती छान दिसत होतं! संध्याकाळी त्या वायरी हातात घेऊन आल्या. सभासद जमले होते, काका होते.

"ताई, कोनती कुठी घालू?"

"कोणतीही कुठेही घाला. हे यंत्र आपल्या माणसाला बरोबर ओळखतं."

काका म्हणाले, "पाहा, बाप्पा!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुर्गाबाईंनी वायरी घातल्या, दोन्ही नावं पडद्यावर टपकन आली. फार छान दिवस गेला.

२२ ऑक्टोबर, सोमवार

हंगाम सुरू. बावीस गाड्या. सगळ्या आठच्या आत! सात पूर्णांक आठ, सात पूर्णांक आठ, सात पूर्णांक नऊ. यंदा लोकांनी कापूस फार मनापासून वाळवला. संध्याकाळी गंजीचा आकडा घेतला तर चार. गंजीत तळाला मागच्या हंगामाचा उरलेला कापूस आहे, ठणठणीत कोरडा, सळई त्यातच रोवली आहे आणि नवा माल त्यावर चढतो आहे. काका खूश.

चाचा आज गप्प होते. गर्दी होती म्हणून असेल.

२४ ऑक्टोबर, बुधवार

आज वाद झाला. शालिकराम नावाचा शेतकरी गाडी घेऊन आला. चाचांनी हात घातला, म्हणाले, "चौदा. बाजूले लाव."

मी खिडकीतून सांगितलं, सात पूर्णांक आठ.

शालिकराम उखडला. "सात आठाची गाडी बाजूले काहून लावू? तुमचा हात झोपला, चाचा. साखरेनं बोटं बहिरी होतात, माह्या बुढ्याचे झाले होते."

चाचांनी पुन्हा हात घातला. बराच वेळ ठेवला. "चौदाच लागून राहिलं मले."

काका ऑफिसात आले. मला विचारलं, "आचल, मशीन चुकू शकते का?"

मी नियमांची फाइल उघडली. दोन्ही नावं तपासली, फाटक आहे, गोदाम आहे. मी म्हटलं, "माणूस चुकतो काका, मशीन चुकत नाही."

हे मी खिडकी उघडी असताना म्हटलं. चाचा समोरच उभे होते. त्यांनी चिठ्ठीवर सात पूर्णांक आठ या आकड्याखाली सही केली आणि शालिकरामची गाडी आत गेली.

वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

२५ ऑक्टोबर

पुन्हा तेच. तीन गाड्या. चाचा तेरा म्हणाले, यंत्र सात पूर्णांक नऊ. सही केली.

२७ ऑक्टोबर, शनिवार

आज चाचांचा आकडा आणि माझा जुळला! त्यांनी हात घातला आणि म्हणाले, "आठ असंन." यंत्र आठ. सगळ्या गाड्यांना जुळत गेला. मला इतकं बरं वाटलं. गर्दीत गोंधळले असतील परवा. उगाच मी मनाला लावून घेतलं.

गाड्यांचे आकडे रोज थोडे थोडे वर सरकताहेत. दव वाढतं आहे.

३० ऑक्टोबर, मंगळवार

चाचा आजपासून येणार नाहीत. कोणी काढलं नाही त्यांना. आपणच काकांकडे गेले, म्हणाले, "हात गेला माहा. पोरीची मशीन हाय, आता मी कायले बसू?" फाटकावरचं त्यांचं स्टूल त्यांनी उचलून ऑफिसच्या भिंतीशी ठेवलं.

जाताना खिडकीपाशी आले. मला वाटलं काही बोलतील. "जेवन करत जा टायमावर," एवढंच.

त्यांच्या जागी कोणी नको असं ठरलं. सळई खुपसायला हमाल पुरे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

अक्षर लागलं तर लागेल.

दुपारी फाटकावर गाडी होती. हमालानं सळई खुपसली. पडद्यावर आठ पूर्णांक सहा. मी छापायच्या आत आकडा घसरला. चार. कापसात खुपसलेली सळई चार कशी दाखवेल? मी ओरडले, सळई नीट घाल रे. तो म्हणाला, घातलेलीच आहे. पुन्हा चार.

चार हा आकडा माझ्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी गंजीचा येतो तो.

तेवढ्यात दुर्गाबाई गोदामातून आल्या. "ताई, गंजीतली सयी उपसून ठेवली, कोपरा झाडून राहिली. मंग रोवतो."

मी खाली वाकले, कॉम्प्युटरच्या मागे. गोदामाकडून येणारी वायर डाव्या भोकात होती. फाटकाची उजव्या.

खंडेनवमीपासून.

सोळा दिवस मी गाड्यांचा म्हणून जो आकडा वाचला तो गंजीच्या तळाच्या जुन्या कापसाचा होता. म्हणून सगळे सारखे. आणि संध्याकाळी गंजीचा म्हणून वाचला तो फाटकावर खुंटीला टांगलेल्या सळईचा होता. हवेचा. सोळा दिवसांत एकदाही मी खुर्चीवरून उठून फाटकापर्यंत गेले नाही. दहा पावलंही नसतील.

वायरी बदलल्या. उभ्या गाडीला पुन्हा सळई लावली. तेरा पूर्णांक सात.

गाडी बाजूला लावायला सांगितली. का, हे सांगितलं नाही. काका अकोल्याला गेले होते. दुर्गाबाई फडकं घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी मला वायरी बदलताना पाहिलं असेल किंवा नसेल.

७ नोव्हेंबर

सांगणार आहे. काका दिवाळीच्या गडबडीत आहेत. आज फक्त एवढं म्हटलं की गंज एकदा उलथून घ्यावी, खबरदारी म्हणून. म्हणाले, हमाल सुट्टीवर, दिवाळीनंतर पाहू. मी जोर धरला नाही. जोर धरला असता तर विचारलं असतं, काहून?

आणि एक लिहिते. मनात आलं की वायरी दुर्गाबाईंनी घातल्या होत्या. हे खरंच आहे. खोटं नाही. मनात आलं आणि एक क्षण फार हलकं वाटलं. त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

८ नोव्हेंबर, गुरुवार

चाचांकडे गेले. सांगायलाच गेले होते.

ओसरीवर चाचा पाट मांडून बसले होते. समोर दोन पातेली, एकात कोमट पाणी, एकात गार. डोळे मिटून एकेकात बोटं बुडवत होते. शेजारी परातीत कापूस. बिल्कीसचाची दाराआडून मला हळूच म्हणाल्या, "रोज असंच करून राहिले. सकायपासून. तू सांग बाप्पा त्याह्यले, उमर झाली म्हना, त्याच्यात काय शरम?"

चाचांनी परात माझ्याकडे सरकवली. "हे पाय. मले हे दहा लागते. कधी बारा लागते. पयले असं नोतं, बेटा. पयले एकच लागे." मग म्हणाले, "तुही मशीन अठी आनता येते का?"

मी म्हटलं, वायर पुरणार नाही.

वायर पुरणार नाही! एवढंच सुचलं मला. तोंडात सगळं वाक्य तयार होतं, चाचा तुमचा हात बरोबर होता. सात शब्दही नाहीत. चाचींनी चहा आणला, मी तो प्यायले, दिवाळीला घरी जाते म्हणाले, आणि उठले. चाचींनी आईसाठी खजूर बांधून दिले.

१० नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

काल लक्ष्मीपूजन झालं. आई सगळ्या गल्लीला सांगते आहे, आमच्या आचलनं अकोटची जिनिंग कॉम्प्युटरवर आणली. खजूर तिला फार आवडले.

मी हिशोब असा लावते: सांगितलं तर बार्शीटाकळी जाईल. माझ्यावर नाही, लिनक्सवर बोल येईल, म्हणतील फुकटचं ते असंच. लोक यंत्रावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, आणि यंत्र तर आता बरोबर आहे. सगळं बरोबर आहे आता. मग सांगून कोणाचं भलं होणार?

एवढं लिहिलं आणि परातीतला कापूस आठवला.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. अकोट

बसमधून उतरले तेव्हाच फाटकावर माणसं दिसली. गोदामाची दारं सताड उघडी. वास यायला लागला, ओलं धान सडल्यासारखा.

गंज तापली होती. हमाल वरचा थर ओढत होते आणि आतून वाफ निघत होती. मी हात घातला, ठेवता येईना. पांढरा कापूस आत पिवळा, कुठे कुठे तपकिरी. पेटली नाही हे नशीब. दुर्गाबाईंनी पहाटे वास घेऊन आरडाओरडा केला म्हणून अर्धी तरी वाचली. त्या अर्ध्यात कोणाचा कापूस आहे आणि गेलेल्या अर्ध्यात कोणाचा, ते कोणीच सांगू शकत नाही. गंजीत नावं राहत नाहीत.

काका चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मला म्हणाले, "तुही मशीन त सात आठ दाखवत होती. मंग वला कापूस शिरला कसा? सळई कोन लावत होतं तवा? सही कोनाची हाय?"

चाचा होते तोवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर उर्दूत एकच सही.

उद्या सभा. चाचांना निरोप गेला आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

क्रमानं लिहिते.

सभा गोदामाच्या अंगणात झाली. चाचा पांढरा कुडता घालून आले, ईदचाच. काकांनी गठ्ठा पुढे ठेवला. बोलणं टाळायचं होतं त्यांनाही, इतक्या वर्षांची दोस्ती. "नासिरभाई, ह्या सह्या तुमच्याच ना?"

चाचा उभे राहिले. "माह्याच. मीच दोषी हाय."

शालिकरामच म्हणाला, "पन चाचा, माह्या गाडीले तुमी चौदा म्हनलं होतं."

"म्हनलं होतं. दोन दिवस म्हनलं. मंग मी घरी जाऊन विचार केला, का मशीनले ना साखर, ना बुढापा. तिसऱ्या दिवशी हात घातला त मलेच आठ लागाले लागलं." त्यांनी उजवा हात पुढे धरला, लोकांना दाखवायला. "खोटं नोतो बोलत मी. खरंच आठ लागे. मशीन पोरीची होती, पन हात त माहा होता ना?"

मी मागे उभी होते. अजूनही गप्प राहता आलं असतं, हे मला तिथं उभं राहून स्पष्ट दिसत होतं. एक म्हातारा आपणहून दोष घेत होता, त्याला साखर होती, सह्या होत्या. सगळं जुळलं होतं.

काकांनी विचारलं, "मशीनच्या वायरी-बियरी कोनं हलवल्या त नोत्या?" ते सहज विचारत होते. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. सहा तारखेपासून माहीत होतं, आणि त्या वाट पाहत होत्या.

मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, रडत होते. वायरी उलट्या होत्या, खंडेनवमीपासून. कोणतीही कुठेही घाला हे मी सांगितलं होतं. मला माहीत होतं की तसं चालत नाही, मीच नियम लिहिले होते. मान डोलावणारी माणसं समोर होती म्हणून बोलून गेले. ठिपका द्यायचा होता, दिला नाही. आठ दिवसांपूर्वी कळलं तेव्हा सांगितलं असतं तर गंज वाचली असती. चाचांचा हात बरोबर होता.

शालिकराम म्हणाला, "आठ दिस?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी दिल्या नाहीत. काका एवढंच म्हणाले, बार्शीटाकळीचं आता काढू नको. एक बाई आपल्या गावाकडच्या बाईला विचारत होती, आपली गाडी कोणत्या तारखेची गं?

चाचा खाली बसले होते. मी जवळ गेले, वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, उजवाच. मग म्हणाले, "त्या दिवशी, बेटा, तू ओसरीवर बसली होती तवा तुले माईत होतं?"

मी हो म्हटलं.

हात डोक्यावरून निघाला. झटकला नाही, नुसता उचलून मांडीवर ठेवला.

१७ नोव्हेंबर

काकांनी हंगाम संपेस्तोवर राहायला सांगितलं. म्हणाले, दुसरं कोणी त्या मशीनच्या पोटात हात घालू शकत नाही. पळून जाता आलं असतं तर गेले असते.

बिल्कीसचाची बाजारात दिसल्या. मी पुढे झाले. त्या म्हणाल्या, "मी त्याह्यले म्हनत होती, उमर झाली, कबूल करा. मले तसं बोलाले लावलं तू." आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरहून वायरी आल्या. प्रत्येकीच्या पोटात तिचा नंबर. नवे नियम लिहिले. भोकाची भानगड गेली, आता नाव वायरलाच. आठ वेळा उलटसुलट घालून पाहिल्या आणि दर वेळी उठून फाटकापर्यंत चालत गेले, सळई हातात धरून पाहिली. आता कोणतीही कुठेही घातली तरी चालते. खंडेनवमीला बोलले ते आज खरं झालं. तरी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाच. दुर्गाबाई पाहत होत्या, म्हणाल्या, "आता कायले?" मी बाटलीचं झाकण लावलं.

चाचा आजपासून परत आले. काका स्वतः घ्यायला गेले होते. स्टूल मी पुसून जागेवर ठेवलं.

पहिली गाडी पार्वताबाईंची, उमऱ्याच्या. चाचांनी कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले. मी पेन घेऊन खिडकीत बसले होते. मुद्दाम ठरवलं होतं, आधी त्यांचा आकडा, मग यंत्राचा, पहिल्यासारखं.

त्यांनी डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं. "किती आलं?"

"आधी तुम्ही सांगा, चाचा."

"नाई. तू सांग."

पार्वताबाई म्हणाल्या, "काय होऊन राहिलं बाप्पा, सांगा ना कोनीतरी."

मी पडद्याचं बटण दाबलं आणि तो काळा झाल्यावर म्हटलं, "लाइन गेली, चाचा. तुमचाच आकडा लिहिते."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. हात कापसात इकडे तिकडे फिरला. "अकरा," म्हणाले. मग, "नाई, बारा. बारा होईन का?" क्लासमधली पोरं उत्तर सांगताना माझ्या चेहऱ्याकडे पाहायची, तसे पाहत होते.

"बारा लिहू?"

माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," म्हणाले. "लाइन येऊ दे."

हात त्यांनी कापसातून काढला नाही. पार्वताबाई गाडीच्या सावलीत जाऊन बसल्या.

मी बटण दाबलं आणि त्यांना आकडा वाचून दाखवला.